सुट्टी मिळाली होती

तुझ्या फोटोला हार घालायची वेळ आली तेव्हा तुझ्या भावाने, नितीनने, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दादाचा हसरा फोटो घरात एकही नाही. मी तिथेच पडवीत बसले होते. माझ्या मांडीवर मोबाइल होता आणि त्यात तुझे दोनशेच्या वर फोटो होते, प्रत्येकात तू दात काढून हसतोयस. मी मोबाइल पालथा घातला. मग नितीन कणकवलीला गेला आणि तुझ्या बहरीनच्या रेसिडेंट कार्डावरचा फोटो मोठा करून घेऊन आला. तो फोटो तुला स्वतःला कधी आवडला नव्हता. काउंटरवरच्या बाईने हसू नका म्हटलं आणि तू ते इतकं मनावर घेतलंस की फोटोत तू कुणालातरी दम देतोयस असं वाटतं. त्या दम देणाऱ्या माणसापुढे तेरा दिवस दिवा जळला.

आणि त्या फोटोकडे बघत तुझी आई तेरा दिवस एकच बोलत राहिली. “माझ्या झिलाक सुट्टी मेळाली नाय. मेळाली आसती तर माका डोळेभर दिसलो आसतो.” भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला हेच. झील म्हणजे मुलगा, हे मला सांगलीच्या मुलीला तूच लग्नानंतर शिकवलंस. 

सुट्टी मिळाली होती, दिगंबर. चांगली पंधरा दिवसांची, सहीशिक्क्याची. ती तू घेतलीस आणि आईला भेटायला गेला नाहीस, कारण मी तुला जाऊ दिलं नाही. घरात हे तिघांनाच माहीत होतं. तुला, मला आणि पुण्याला हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्या ईराला. तू तर सुटलास. ईरा लहान आहे. उरले मी, आणि तुझ्या आईचं ते वाक्य.

तुला ‘तू’ म्हणतेय. गावी पाय ठेवला की ‘अहो’ आणि ‘तुम्ही’, आणि बहरीनला विमान टेकलं की पुन्हा ‘तू’, हा आपला वीस वर्षांचा रिवाज. तेरा दिवस तुझ्या नावाने रडतानासुद्धा मी ‘अहो’च म्हणत होते. परक्या माणसासाठी रडल्यासारखं वाटत होतं. बहरीनला परतून सनद भागातल्या आपल्या फ्लॅटचं दार उघडलं, तुझ्या चपला जागच्या जागी दिसल्या, आणि तेव्हा कुठे मला तुझ्याशी भांडता आलं. पहिलं वाक्य काय बोलले असेन? म्हटलं, तू आईला सांगणार होतास. तू सांगणार होतास, मी नाही.

गल्फमधल्या कोकणी माणसाची सुट्टी त्याची नसते. ती गावाची असते. गणपतीच्या आदल्या दिवशी पोचायचं, गौरी गेल्या की हात धुऊन कामाला लागायचं. एका सुट्टीत घरावरचे पत्रे बदलले. एका सुट्टीत विहिरीवर पंप बसवला. एक नितीनच्या लग्नात गेली, एक आईंच्या मोतीबिंदूत. तू जाताना जितका थकलेला असायचास त्याच्या दुप्पट येताना असायचास, आणि विमानात पट्टा बांधायच्या आधी घोरायला लागायचास. माझी सुट्टी तुमच्या चुलीपुढे उकडीच्या पाऱ्या करण्यात जायची. मोदक चांगले झाले तर ते आईंचे, फुटले तर माझे. तक्रार करत नाही, पण होतं असं.

आणि ते तुझं बेट. लग्नाच्या आधी दोन वर्षं तू मालवाहू जहाजावर फिटर होतास. कॅरिबियन समुद्रात कुठेतरी इंजिन बिघडलं आणि एका चिमूटभर बेटासमोर जहाज सहा दिवस नांगर टाकून उभं राहिलं. बेक्वे त्याचं नाव. खलाशांना उतरायची परवानगी नव्हती. सहा दिवस तू डेकवर उभा राहून समोरचं गाव बघितलंस. लाल कौलांसारखी छपरं, टेकडीवर चर्च, माड, बंदरात लहान होड्या. आमच्या गावासारखंच, फक्त आमच्याकडचे लोक ओरडतात ते ऐकू येत नव्हतं, असं तू सांगायचास. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला हे सांगितलंस आणि नंतर दरवर्षी एकदा तरी. एकदा तिथे उतरायचं, टुरिस्टासारखं, खांद्याला टॉवेल टाकून. मी म्हणायचे, आधी तुमच्या गावच्या समुद्रावर एकदा टॉवेल टाकून ने मला.

गेल्या वर्षी तुझ्या डॉकमध्ये इतकं काम होतं की कुणालाच पंधरा दिवसांच्या वर लीव्ह नव्हती. पंधरा दिवसांत गाव तरी होतं नाहीतर बेट तरी. जेवताना मी म्हटलं, यंदा गाव नको, यंदा तुझं बेट. तू हसलास. मग तीन दिवस त्या विषयावर गप्प. चौथ्या दिवशी पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन आलास आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, “आईला काय सांगायचं?”

मी म्हटलं, “सांगायचं, लीव्ह नाही मिळाली.”

इतकं सहज निघालं ते माझ्या तोंडून. कारण इथे सगळ्यांनी कधी ना कधी हे म्हटलेलं असतं. कुणाला सासरच्या लग्नाला जायचं नसतं, कुणाला भावाशी वाटणीचं बोलायचं नसतं. गावातली माणसं या एका थापेवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे राक्षस, तो माणसं गिळतो आणि सुट्ट्याही गिळतो. आम्ही सगळ्यांनी त्या बिचाऱ्या राक्षसाच्या नावावर काय काय खपवलंय. आणि राक्षस कोण, तर तुझा सुपरवायझर अबू हसन. त्याने अर्ज बघितला आणि म्हणाला, “खलास. इस बार गाव नहीं? अच्छा है, मॅडम को घुमाओ.” एवढंच नाही, स्वतःच्या गाडीतून आपल्याला एअरपोर्टला सोडलं आणि तुला टोपी दिली, तिकडे ऊन असतं म्हणून. बहरीनचा माणूस तुला उन्हाची काळजी घ्यायला सांगत होता.

खरं सांगू? मी म्हणाले तुझ्यासाठी, पण त्यातलं निम्मं माझ्यासाठी होतं. मला एक सुट्टी अशी हवी होती की ज्यात मला कुणी वहिनी म्हणणार नाही. तू असताना हे कबूल केलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस. आता चिडव.

बॅग उपसताना तुझा कंपनीचा निळा शर्ट निघाला तेव्हा मला वाटलं चुकून आला. चुकून नव्हता. गणेश चतुर्थीच्या दिवशी गावी संध्याकाळची आरती साडेसातला. बेटावर तेव्हा सकाळचे दहा, बहरीनला दुपारचे पाच. तू सगळा हिशेब आधीच करून ठेवला होतास. गेस्ट हाउसच्या खोलीत पडदा ओढलास, वर कंपनीचा शर्ट, खाली फुलाफुलांची हाफ पँट, आणि कोऱ्या भिंतीला पाठ लावून व्हिडिओ कॉल केलास. पलीकडे मखर, समया, घरभर माणसं. आईंनी सगळ्यांना बाजूला सारून तुझ्याकडे बघितलं. तेवढ्यात खिडकीखाली कोंबडा आरवला. आईंनी लगेच विचारलं, कोंबो खंय आरवता? तू म्हणालास, शेजाऱ्याच्या मोबाइलची रिंगटोन ती, आये. मी पलंगावर तोंडात उशी कोंबून हसत होते. तू मात्र आरती संपेपर्यंत हलला नाहीस. टाळ्या वाजवत सगळी आरती म्हणालास, मंत्रपुष्पांजलीसकट. फोन बंद झाल्यावर मी बघितलं तर टेबलावर कागदात थोडे तांदूळ, त्यावर सुपारी, आणि वर अंगणातलं तांबडं जास्वंद. ती सुपारी तू बहरीनहून दाढीच्या सामानात आणली होतीस, मला न सांगता. मी हसायची थांबले. तू शर्टाची बटणं काढायला फार वेळ लावलास.

परत आल्यावर तू ठरवून टाकलंस. पुढच्या गणपतीला जायचं, आईच्या पाया पडायचं आणि तोंडावर सांगायचं. फोनवर नाही. ती दोन शिव्या घालेल, एक दिवस बोलणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच गावभर सांगत सुटेल की माझो झील विमानाने कुठल्या कुठे जाऊन आला. मी म्हटलं, ठीक आहे, तू सांग, मी मागे उभी राहते. किती मस्त वाटणी केली होती आपण.

मग जूनच्या शेवटी तू मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये चहाचा कप घेऊन खाली बसलास आणि उठला नाहीस.

पुढचा गणपती अजून आलेला नाही, दिगंबर. महिन्यावर आलाय. तू एवढंही थांबला नाहीस. मला तुझा राग येतो, इतका येतो की तुझा ब्रश, तुझा चष्मा, तुझं ते वाजणारं कपाट, सगळं खिडकीतून फेकून द्यावंसं वाटतं. आणि लगेच वाटतं, रागवायचं कुणावर, चूक माझी. आईने तुला शेवटचं बघितलं त्याला पावणेदोन वर्षं झाली होती. मधल्या गणपतीला बघू शकली असती. तिचा तो एक गणपती मी घेतला. ज्या दिवशी तुझी पेटी घरी आली आणि झाकण काढलं, त्या दिवशी तिने तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, किती बारीक झालास, हे लोक जेवायला देत नव्हते काय. तेव्हाच सांगायला हवं होतं. कसं सांगणार होते? एवढ्या माणसांत, तिचा हात तुझ्या गालावर असताना?

ईराला फोन करून रडले. ती म्हणाली, “मम्मा, जस्ट टेल हर.” तिची आजी मराठी बोलते, ती ऐकून इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं कसं कोण जाणे छान चालतं. मी म्हटलं, तुला काय कळतं, तिला धक्का बसेल. ईरा म्हणाली, “शी इज ब्लेमिंग द राँग पर्सन.” मी फोन ठेवला. आपल्याच मुलीने आपल्याला शहाणपण शिकवलं की नाकाला मिरच्या झोंबतात, ते कितीही खरं असो.

मी बहरीनला परतल्यावर पहिल्या शुक्रवारी अबू हसन आला, बायकोला घेऊन. डबाभर खजूर आणि थर्मासमध्ये त्यांची ती वेलची घातलेली कॉफी. सोफ्यावर अगदी कडेला बसला. तुझ्याबद्दल बोलताना त्याचं हिंदी तुटायचं आणि तो अरबीत जायचा, मग बायको त्याच्या हातावर हात ठेवायची. तुझ्या खुर्चीवर वर्कशॉपमध्ये अजून कुणाला बसू देत नाही म्हणाला. त्याच वेळी नितीनचा व्हिडिओ कॉल आला. त्याला तुझ्या कुठल्याशा कागदाबद्दल विचारायचं होतं. मी मूर्खासारखं म्हटलं, दादांचे सुपरवायझर आलेत, बोल. आणि मोबाइल त्यांच्याकडे वळवला.

नितीनने नमस्कारसुद्धा केला नाही. म्हणाला, “पिछले गणपती को मेरे भाई को छुट्टी नहीं दिया ना आपने? मेरी माँ उसको देख भी नहीं सकी.”

अबू हसनने माझ्याकडे बघितलं. अर्जावर सही त्याने केली होती. गाडी त्याने चालवली होती. टोपी त्याची होती. मी जमिनीकडे बघत राहिले. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं.

तो फोनकडे वळला आणि म्हणाला, “माफ करो भाई. गलती हमारा है. माँ को सलाम बोलो.”

नंतर त्याने कॉफी संपवली, बायकोने कप विसळून ठेवले, आणि दाराशी तो म्हणाला, मॅडम, काही लागलं तर फोन करा. त्याने मला काही विचारलं नाही. नुसतं डोळे वटारून बघितलं असतं तरी चाललं असतं. ज्या माणसाने तुला सुट्टी दिली त्याने ती न दिल्याची माफी माझ्या घरात बसून मागितली, माझ्यासाठी. मी दार लावलं आणि तिथेच खाली बसले. तू असतास तर मला झापलं असतंस. तुझा आवाज चढायचा तो असल्याच गोष्टींवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंच्या साध्या फोनवर फोन लावला. नितीन कामावर गेला असेल अशी वेळ बघून. मी सगळं सांगितलं. सुट्टी मिळाली होती, आम्ही फिरायला गेलो होतो, लांब, एका बेटावर, आठ दिवस. कंपनीची चूक नाही. ह्यांचीही नाही. माझी आहे. मी तेवढं बोलून थांबले. पलीकडे कावळा ओरडत होता, कुणीतरी विहिरीवर पंप सुरू केला, तुझाच पंप. आईंचा श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

त्यानंतर चार दिवस त्यांनी फोन उचलला नाही. नितीनचा मेसेज आला, वहिनी, हे काय केलंत. दुसऱ्या दिवशी आला, आई जेवत नाही. तिसऱ्या दिवशी, फक्त पेजेचं पाणी घेतेय. मी क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसून लोकांना दातांच्या अपॉइंटमेंट देत होते आणि डोक्यात एकच, म्हातारी गेली तर तेही माझ्यावर. एकाला मंगळवारऐवजी दोनदा सोमवार दिला. संध्याकाळी बस तुबलीवरून जाताना खाडीचं पाणी दिसायचं आणि माझ्या मनात नाही नाही ते यायचं. तुला लिहायला लाज कसली, मला जगावंसं वाटत नव्हतं. वाटायचं, तू काय, मजेत निघून गेलास, आणि माझ्या हातात तुझ्या आईचा जीव देऊन गेलास. देवाला हात जोडले, मी, जी तुला सोवळ्यावरून हसायची. म्हटलं, हिला जेवू दे, मला वाटेल ते कर.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. आईंचाच. मी ‘आई’ एवढंच म्हटलं. त्यांनी नमस्कार नाही, चौकशी नाही, एकदम विचारलं.

“तेना थंय काय खाल्ल्यान?”

तुला सांगते, मला आधी कळलंच नाही त्या काय विचारतायत. मग सुचेल तसं बोलत गेले. म्हटलं, आई, तिथे नीरफणस असतो, आपल्या परड्यात आहे ना, तोच. ह्यांनी झाड बघितलं आणि रस्त्यातच उभे राहिले. घरमालकीण होती, मिस आयरिस, ती विस्तवावर भाजून द्यायची. पण ह्यांना काप हवे होते. मग मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन काप केले, तांदळाचं पीठ मिळालं, तिखट माझ्याजवळ होतं. त्यांनी नऊ खाल्ले आणि मिस आयरिसने सहा. आईंनी विचारलं, हळद लावलंस? मी म्हटलं, नव्हती. त्या म्हणाल्या, मगे काय चव.

मग म्हणाल्या, “तुका माफ करूचंय नाय मी. पण उद्या फोन कर. मगे काय झाला ता सांग.”

त्या दिवशी त्या जेवल्या. नितीनने कळवलं, अर्धी भाकरी आणि आमटी.

तेव्हापासून रोज सकाळी फोन. त्यांनी आठ दिवस मनाशी नीट मांडलेत आणि एका फोनला एकच दिवस ऐकतात. मी म्हटलं फोटो पाठवते, नितीन दाखवेल, तर म्हणाल्या नको, फोटोत तो बोलणा नाय. मी पुढे जायला लागले की थांबवतात, ता उद्या. पहिल्या दिवशी कापच खाऊन झाले. दुसऱ्या दिवशी तू बंदरावर लाकडी होड्यांच्या दुकानात तीन तास बसलास आणि त्या म्हाताऱ्या कारागिराला त्याच्याच रंध्याला धार लावून दिलीस, ते सांगितलं. आईंना फार आवडलं. तिसरा दिवस गणपतीचा.  शर्टाचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं, कोंबड्याचं सांगितलं. त्यांनी मग विचारलं, आरतीच्या टाळ्या तरी खऱ्या होत्या ना. मी सुपारीचं सांगितलं. मग त्या रडल्या, आणि मीही, फोनच्या दोन टोकांना, आणि तेरा दिवसांत आम्ही दोघी एकत्र रडलो नव्हतो.

चौथ्या दिवशी तू धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसला होतास. समोर एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं आणि डेकवर दोन-तीन माणसं इकडे बघत होती. तू उठलास, अबू हसनची टोपी काढलीस आणि दोन्ही हातांनी ती हलवत राहिलास. मी म्हटलं, लोक बघतायत. तू म्हणालास, बघू देत, मी तिथे असताना इकडून कुणी हात हलवला नव्हता. मग जहाजावरच्या एकाने हात केला, आणि तू इतका हसलास की तुला ठसका लागला. हे ऐकून आईंनी विचारलं, हसलो? मी म्हटलं, हो आई, खूप. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तेच चार वेळा सांगितलं.

आज पाचवा दिवस सांगून झाला. काही नव्हतं त्यात. पाऊस होता, तू दिवसभर झोपलास आणि मी खिडकीत बसून तुझं घोरणं ऐकलं. आईंनी तेही लक्ष देऊन ऐकलं. कुशीवर झोपललो की उताणो, हेसुद्धा विचारलं.

मला कळतंय ही म्हातारी काय करतेय. मी तिचा एक गणपती घेतला, ती माझ्याकडून आठ दिवस वसूल करतेय, आणि त्यातला एक तास सोडायची नाही. आणि मी देतेय. यापेक्षा मोठं माझ्याजवळ काही नाही तिला द्यायला. ती उद्या काय विचारेल या भीतीने मी रोज उठते, आणि तिचा फोन आला नाही तर काय या भीतीने आंघोळीला जाताना मोबाइल बाथरूममध्ये नेते.

उद्या सहावा दिवस.

त्या दिवशी सकाळी तू म्हणालास, मला राहवत नाही, मी आत्ता आईला सांगतो. फोन तुझ्या हातात होता. नंबर लावलेला. मी तो काढून घेतला. म्हटलं, वीस वर्षांत एक सुट्टी माझी, तीही आईला देऊन टाक. तू माझ्याकडे बघितलंस, चपला घातल्यास आणि निघून गेलास. तुझा फोन माझ्याजवळ. चार तासांनी आलास, शर्ट भिजलेला, गुडघ्याला माती, आणि चेहरा असा शांत की मला अजूनच राग आला. मी विचारलं नाही कुठे होतास. मला वाटलं, विचारलं की मी हरले. संध्याकाळी तू चहा केलास, मी प्यायले, झालं. आपली भांडणं अशीच मिटायची. परतताना विमानात विचारावं म्हटलं, तर तू घोरत होतास. मग विसरलेच.

सकाळी मी तिला पहिल्यांदा हे सांगणार आहे की तू तिला फोन लावला होतास. ते ऐकून ती मला काय म्हणेल ते म्हणू दे. पण त्यानंतर ती विचारेल, मगे? मगे खंय गेलो तो? चार तास काय केल्यान? ती विचारणारच, तुला माहीत आहे ती कशी आहे. मी खोटं बोलणार नाही, आता एकही नाही. आणि खरं मला माहीत नाही. तुझ्या आयुष्यातले ते चार तास जगात कुणाजवळच नाहीत, तू होतास तेव्हा माझ्या हाताशी होते आणि मी नाक वर करून बसले. दिगंबर, कुठे गेला होतास तू?